महिनाअखेर, इन्शुलिन आणि मेंदू

घरात अन्नाची खात्री नसेल, तर मधुमेही मुलांच्या लक्षावर आणि विचारांच्या वेगावर परिणाम होतो का, हा इथला प्रश्न आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांना किराण्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य महिन्यातून एकदाच खात्यावर जमा होते आणि पुष्कळ घरांत ते महिना संपण्याआधीच संपते. कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या २००० ते २००८ या काळातील नोंदींत असे आढळले की, रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्यामुळे दाखल झालेल्या अल्प उत्पन्न गटातील रुग्णांचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी अधिक होते. सुखवस्तू गटात असा चढ दिसला नाही. या नोंदी प्रौढांच्या असल्या, तरी वाढत्या वयातील मधुमेहींनाही शरीराचे तेच गणित लागू पडते.

टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्शुलिन जवळपास बनवत नाही; साखर उतरवणारे हे संप्रेरक टोचून घ्यावे लागते आणि त्याची मात्रा जेवणाशी जुळवावी लागते. इन्शुलिन टोचून झाले आणि ताटात अर्धेच अन्न आले, तर रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमखाली घसरू शकते. ती ५४च्या खाली गेली की लक्ष लागत नाही, विचार अडखळतात. कारण मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज असून त्याचा साठा मेंदूकडे जवळपास नसतो. उलट, या घसरणीच्या धास्तीने इन्शुलिन कमी घेतले किंवा पोट भरण्यासाठी स्वस्त पांढरा पाव आणि गोड पेयेच हाताशी असली, तर साखर चढते आणि तेव्हाही मेंदूचा वेग मंदावतो. बालपणी मधुमेह झालेल्यांत लक्ष आणि विचारांचा वेग यांत सरासरी थोडी उणीव आढळते, ती या दोन्ही टोकांशी जोडली जाते.

बाणांच्या एका चाचणीत लक्ष आणि विचारांचा वेग जोखतात: पडद्यावर ओळीने बाण दिसतात, आजूबाजूचे दिशाभूल करतात आणि फक्त मधल्या बाणाची दिशा झटपट सांगायची असते. मात्र कमी गुणांचे खापर थेट उपासमारीवर फोडणे घाईचे ठरेल. जिथे अन्नाची खात्री नसते तिथे झोप, शाळा आणि मनःस्वास्थ्य यांचीही ओढाताण असते. शिवाय नियोजनाची क्षमता कमी असेल तर मधुमेह सांभाळणेच अवघड जाते, म्हणजे कार्यकारणाचा बाण उलटाही असू शकतो.

तरीही दवाखान्यात ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा मारण्याआधी घरातील अन्नाची चौकशी व्हावी, असे मला वाटते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५मध्ये त्यासाठी दोन विधानांची प्रश्नावली सुचवली. गेल्या १२ महिन्यांत पैसे हाती येण्याआधीच अन्न संपेल अशी काळजी वाटली, हे त्यांतले एक. आणलेले अन्न पुरले नाही आणि आणखी घ्यायला पैसे नव्हते, हे दुसरे. कोणत्याही एका विधानाला ‘बऱ्याचदा’ किंवा ‘कधीकधी’ असे उत्तर आले, की त्या घराला अन्नाची शाश्वती नाही असे धरतात.