सदाफुलीची पाने चावल्याने कर्करोग बरा होत नाही

‘कर्करोगाचे औषध सदाफुलीपासून बनते, म्हणून रोज तिची पाने चावावीत’ हा सल्ला अनेक वर्षे फिरत आहे. त्यातील पहिला भाग खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

मादागास्करच्या या वनस्पतीचा काढा लोकपरंपरेत मधुमेहावर दिला जाई. तो दावा तपासताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना प्राण्यांच्या रक्तातील साखरेऐवजी पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या आणि त्यातूनच १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हे कर्करोगावरील औषध हाती लागले. लोकज्ञानाने शोधाची वाट दाखवली, पण उत्तर वेगळेच निघाले. वनौषधींच्या संशोधनात हे वारंवार घडते आणि म्हणूनच हे ज्ञान मोलाचे असूनही पुरावा ठरत नाही.

याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरील दुसरे औषध पानांत इतके अत्यल्प असते की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, तर रुग्णाला एका वेळी ते सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. ही औषधे पोटातून भरवशाने शोषली जात नसल्याने ती शिरेतूनच द्यावी लागतात. पानांत मात्र शंभराहून अधिक अल्कलॉइड्स (वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त रसायने) एकत्र असतात, त्यांचे प्रमाण प्रत्येक झाडात बदलते आणि त्यांतील काही विषारी आहेत. कर्करोगाच्या पेशी रोखणारी हीच रसायने मज्जातंतू आणि अस्थिमज्जेलाही इजा करू शकतात. पाने खाणाऱ्या रुग्णाने ती ताबडतोब थांबवून आपल्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.