सायकॉलॉजी इंटर्नशिप (क्लिनिकमधली)

सायकॉलॉजीत एम.ए. करणारी मुलंमुली मनोविकार ओपीडीत, एखाद्या खासगी क्लिनिकमध्ये नाहीतर मेंटल हॉस्पिटलात काही आठवडे किंवा काही महिने जाऊन जे काम शिकतात ती ही इंटर्नशिप, कॉलेजच्या कागदावर कधी प्रॅक्टिकम असंही लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी ४ जुनी सरकारी मनोरुग्णालयं आहेत, शिवाय मेडिकल कॉलेजांचे सायकियाट्री विभाग आहेत, आणि ठाण्यात १९९० ला सुरू झालेल्या, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या आयपीएच सारख्या संस्थाही आहेत.

एक गोष्ट आधीच क्लिअर केलेली बरी. इंटर्न म्हणजे थेरपिस्ट नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला १९९२ च्या कायद्याखाली आलेल्या आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं एम.ए. नंतर २ वर्षांचं एम.फिल. हीच मुख्य वाट राहिलीय. त्यामुळे इंटर्नने बसायचं, बघायचं, लिहायचं आणि सुपरवायझर सांगतील तेवढंच करायचं. नातेवाईक "मॅडम, हा बरा होईल ना" असं विचारतातच, आणि तिथे धीर देण्याच्या भरात काहीतरी बोलून जाणं फार सोपं असतं, पण उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं.

खरं शिक्षण होतं ते केस हिस्टरी, म्हणजे पेशंटची आणि त्याच्या त्रासाची सगळी माहिती विचारून लिहून घेताना. पुस्तक इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, आणि समोर बसलेली बाई म्हणते "डोक्यात मुंग्या आल्यासारखं होतं, जीव घाबराघुबरा होतो, कशात मनच लागत नाही". नवीन इंटर्न लगेच "अँक्झायटी" लिहून मोकळा होतो आणि इथेच चुकतं, कारण तक्रार पेशंटच्या शब्दांत, जशीच्या तशी उतरवायची असते, तिला व्हर्बेटिम म्हणतात, निदानाचा शब्द नंतर येतो. "घाबराघुबरा" मध्ये धडधड आहे का, नुसती काळजी आहे की मरणाची भीती, हे पुढे विचारत गेलं तरच कळतं. कोणी "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणालं तर तेही तसंच लिहायचं, चेहऱ्यावर काही न दाखवता. सोबत आलेला माणूस कोण, पेशंटबरोबर राहतो का, त्याच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा, याचीही नोंद असते.

मग एमएसई, म्हणजे पेशंटची आत्ताची मानसिक अवस्था तपासणं. दिसणं, बोलणं, मूड, विचार, भास, स्मरणशक्ती, सगळं क्रमाने. लक्ष टिकतं का ते बघायला १०० मधून ७ वजा करत जायला सांगतात, आकडे उलटे म्हणायला लावतात, आणि अमूर्त विचार बघायला म्हणी विचारतात. "नाचता येईना अंगण वाकडं" याचा अर्थ कोणी "अंगण सरळ करून घ्यावं" असा सांगितला तर तेही शब्दशः लिहायचं, मात्र शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाची वजाबाकी चुकली म्हणून लगेच आजार समजायचा नाही. शेवटी इनसाइट, आपल्याला आजार आहे हे पेशंटला कितपत पटलंय ते, १ ते ६ अशा पायऱ्यांत.

टेस्टिंगचं काम सरकारी ठिकाणी जास्त दिसतं, कारण दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मुलांचा आयक्यू म्हणजे बुद्ध्यांक काढावा लागतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगता लागते, म्हणून पालक लांबून, पहाटेची एसटी धरून येतात. इथे सेगुइन फॉर्म बोर्डचे, म्हणजे आपापल्या आकाराच्या खाचेत बसवायचे १० लाकडी ठोकळे भेटतात, आणि बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी, जी व्ही. व्ही. कामत यांनी परदेशी चाचणीवरून खास मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली, आणि मला वाटतं प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला हे कॉलेजातच सांगायला हवं. भुकेलं, प्रवासाने दमलेलं मूल टेस्टला बसवू नये, आधी बिस्किट खाऊ द्यावं, हे मॅन्युअलपेक्षा जास्त अनुभवी टेस्टर लोकांकडून शिकायला मिळतं.

गुप्तता हा मोठा विषय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला आपली माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, तेव्हा कॉलेजला द्यायच्या रिपोर्टात नाव, गाव, नोकरीची जागा सगळं बदलायचं, आणि लोकलमध्ये मैत्रिणीशी केसवर बोलायचं नाही, लहान गावात तर नुसत्या आडनावावरूनही माणूस ओळखता येतो.

इंटर्नला त्रासही होतो. दिवसभर आत्महत्येच्या प्रयत्नाच्या, मारहाणीच्या हिस्टरी लिहून घरी जाऊन जेवण जात नाही असं होतं, आणि हे सुपरवायझरला सांगणं हा कामाचाच भाग आहे. ज्या ठिकाणी सुपरव्हिजन नुसती सहीपुरती असते तिथे मुलं एकटी पडतात, जागा निवडताना फी आणि सर्टिफिकेटच्या आधी हेच विचारावं.

शेवटच्या आठवड्यात पेशंटना आधीपासून सांगून ठेवायचं असतं की अमुक तारखेनंतर मी नसेन, पुढचे फॉलोअप दुसरं कोणी बघेल. काही जण नुसती मान हलवतात, काही जण विचारतात की मग परत सगळं पहिल्यापासून सांगायचं का. म्हणून फाईल अशी लिहून ठेवायची की त्यांना ते सांगावं लागू नये.