कुणीच बघत नसलेला टीव्ही

लहान मुलांनी टीव्ही किती बघावा, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलं आहे. दोन वर्षांपर्यंत अजिबात नको. पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर चांगलंच. या शिफारशीमागचा पुरावा अगदी कच्चा असल्याची नोंदही संघटनेनेच केली आहे. त्यामुळे तासाचा सव्वा तास झाला म्हणून धास्तावण्याचं कारण नाही.

मला खटकतं ते वेगळंच. आपण मोजतो तो मूल समोर बसून बघतं तेवढाच टीव्ही. मोठ्यांच्या मालिका, बातम्या चालू असतात आणि मूल तिथेच जमिनीवर ठोकळे रचत असतं, तो वेळ कुणी धरतच नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये नेमका तोच तपासला. एक ते तीन वर्षांची मुलं खोलीत तासभर खेळली. त्यातला अर्धा तास मोठ्यांचा एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू होता. मुलांनी पडद्याकडे पाहिलं ते अधूनमधून, काही क्षणच. तरी तेवढ्या वेळात त्यांचा खेळ तुटक झाला, एका खेळण्यात रमणं कमी झालं. अचानक आवाज किंवा उजेड बदलला की मान आपोआप तिकडे वळते. मोठी माणसं पुन्हा कामाला लागतात. लहानग्यांना मोडलेला खेळ पुन्हा जुळवणं जड जातं.

मोठ्यांचंही बोलणं आटतं. २००९ च्या एका अभ्यासात मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिमुद्रक लावले होते. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे सुमारे ७७० शब्द कमी पडत होते.

मग टीव्हीतले शब्द ती उणीव भरून काढत नाहीत का? लहान मुलं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांवर हे करून पाहिलं. काही बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून पुस्तकं वाचून दाखवली, खेळवलं. बारा बैठकींनंतर ती बाळं चिनीतले बारीक उच्चारभेद ओळखू लागली. तीच माणसं टीव्हीवर पाहिलेली बाळं कोरीच राहिली.

दोन वर्षांच्या मुलांचा १९९८ मधला प्रयोग तर गमतीदार आहे. शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना खिडकीतून दाखवलं, तर मुलं ते जाऊन शोधत. टीव्हीवर दाखवलं की बहुतेकांना सापडत नसे. मग संशोधकांनी टीव्हीचा पडदाच खिडकीमागे असा बसवला की मुलांना वाटावं, आपण काचेतून पाहतोय. आता खेळणं सापडू लागलं! म्हणजे दिसण्यात अडचण नव्हती. पडद्यावरचं शेजारच्या खोलीत खरोखर घडतंय, हेच त्या वयात पटत नाही. अडीच वर्षांची मुलं हा फरक बऱ्यापैकी ओलांडतात.

व्हिडिओ कॉलची गोष्ट मात्र न्यारी आहे. २०१४ मधल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, कारण पलीकडचं माणूस त्यांना उत्तर देत होतं. आधीच चित्रित केलेल्या बोलण्यातून ती शिकली नाहीत. तीन वर्षांपुढचं मूल कार्यक्रम बघताना शेजारी बसून ‘आता हा कुठे जाईल?’ असं विचारणारं कुणी असेल, तर टीव्हीला ज्या उत्तरांची सोय नाही ती त्याला तिथेच मिळतात.