रेषेजवळची धडक आणि निलंबनाचा प्रश्न : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या एखाद्या फेरीचे सामने आटोपले, की गुणतक्त्याइतकीच वाट पाहिली जाते ती मैदानावरचे गैरप्रकार तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे मॅच रिव्ह्यू ऑफिसरच्या निवेदनाची. कोणाला दंड झाला, कोण एका सामन्याला मुकणार आणि कोणाचे प्रकरण थेट ट्रायब्युनलपुढे, म्हणजे लीगच्या शिस्तविषयक न्यायमंडळापुढे गेले, हे त्यात नमूद असते. या निवेदनांवरून उठणाऱ्या वादांत एक प्रकार फार जुना आहे. चेंडू सीमारेषेकडे चाललेला असतो, दोन खेळाडू खांद्याला खांदा लावून त्यामागे धावत असतात, आणि चेंडू रेषेबाहेर जाता जाता त्यांपैकी एक जण दुसऱ्याला असा रेटा देतो, की तो कोलमडत कुंपणाकडे जातो. हा खेळाचाच भाग समजायचा, फ्री किक देऊन विषय संपवायचा, की पुढचे सामने त्याला बाहेर बसवायचे? या प्रश्नाचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांत अनेकदा बदलले आहे, आणि ते का बदलत गेले हे समजून घेतल्याशिवाय आजच्या वादात बाजू घेणे अवघड आहे.

मराठी वाचकाला ही मैदाने अनोळखी नाहीत. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, ब्रिस्बेनचे गॅबा, अॅडलेड ओव्हल ही सारी क्रिकेटमुळे आपल्या घरोघरी पोहोचलेली नावे आहेत, आणि हिवाळ्यात याच हिरवळीवर अठरा अठरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूसाठी झुंजतात. हा योगायोग नव्हे. 1858 साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका वृत्तपत्राला पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आळसावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा असे सुचवले होते. पुढच्याच वर्षी, 17 मे 1859 रोजी, मेलबर्न फुटबॉल क्लबने दहा नियम लिहून काढले. प्रस्तुत वादाची दोन्ही टोके त्या दहा नियमांतच सापडतात. सातव्या नियमानुसार वेगात धावणाऱ्या किंवा चेंडू हाती असलेल्या खेळाडूला पाय घालून पाडण्यास आणि ढकलण्यास मुभा होती, फक्त नडगीवर लाथा मारण्याला बंदी होती. नवव्या नियमानुसार खांबांच्या रांगेने दाखवलेल्या हद्दीबाहेर चेंडू गेला, तर तो जिथून गेला तिथूनच रेषेशी काटकोनात आत फेकायचा होता. म्हणजे ढकलणे कायदेशीर होते आणि हद्दही ठरलेली होती. पण हद्दीपाशी ढकलावे की नाही, याविषयी त्या दहा नियमांत अक्षर नाही. पाय घालण्याची मुभा लवकरच काढून घेण्यात आली. ढकलण्याची मुभा मात्र निरनिराळ्या अटी लावून घेत आजवर टिकली आहे.

आजचा नियम असा, की चेंडू पाच मीटरच्या आत असेल तर प्रतिस्पर्ध्याला खांद्याने, छातीने किंवा कमरेने धक्का देता येतो आणि उघड्या तळव्याने छातीवर वा कुशीवर ढकलताही येते. पाठीवर ढकलणे आणि खांद्यांच्या वर स्पर्श करणे हे फाउल. या पाच मीटरांत सीमारेषेचा उल्लेख कुठेच नाही. त्यात भर म्हणजे चेंडू बाहेर गेला असे केव्हा मानायचे, याचा नियम क्रिकेटच्या नेमका उलट आहे. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाचा पाय दोरीला लागला आणि त्याच क्षणी हातात चेंडू असला, तर चौकार जातो. इथे खेळाडूचे दोन्ही पाय रेषेबाहेर असले तरी चालते. चेंडू जोवर संपूर्णपणे रेषेपलीकडे जात नाही तोवर खेळ चालू राहतो. त्यामुळे रेषेबाहेरच्या गवतावर उभा राहून, कमरेत वाकून, चेंडू बोटांनी आत ओढणारा खेळाडू हे दृश्य प्रत्येक सामन्यात दिसते. त्या क्षणी तो खेळात असतो, आणि म्हणून त्याला धक्का देणेही नियमात बसते. पण त्याची नजर चेंडूवर असते, तोल पुढे गेलेला असतो, आणि मैदानावर अन्यत्र जिथे नुसते गवत असते तिथे याच्यापुढे जाहिरातींच्या फलकांचे कुंपण असते. लंबगोल चेंडूची उसळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. तो रेषेवर पडून आत वळतो की बाहेर घरंगळतो, हे धावणाऱ्या दोघांनाही शेवटच्या पावलापर्यंत कळत नाही.

मैदानांच्या आकारानेही या प्रश्नात भर घातली आहे. क्रिकेटच्या मैदानांवर वाढलेल्या या खेळाला ठरावीक मोजमाप कधी मिळालेच नाही. लांबी 135 ते 185 मीटर आणि रुंदी 110 ते 155 मीटर, एवढी मोकळीक आहे. जिलाँगचे कार्डिनिया पार्क जेमतेम 115 मीटर रुंद आहे. तिथे बचाव करणारा संघ प्रतिस्पर्ध्याला मध्यभागातून हुसकून रेषेच्या कडेला दाबतो, कारण कडेला सापडलेल्या खेळाडूला निसटायला एकच बाजू उरते. कडेला रेटणे हा प्रशिक्षकांनी घोटून घेतलेला डाव आहे, आणि तो डाव म्हणून पूर्णपणे रास्त आहे, हे आधीच मान्य केलेले बरे.

शिक्षेच्या पद्धतीकडे वळले, तर एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. या खेळाच्या सर्वोच्च पातळीवर खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची सोयच नाही. स्थानिक लीगमध्ये पिवळी-लाल कार्डे असतात, पण वरच्या लीगमध्ये नाहीत. अंपायरने फ्री किक द्यायची, फार तर तक्रार नोंदवायची, आणि हिशेब नंतर ट्रायब्युनलने करायचा. 1897 साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला मोसम खेळला गेला. पुढे 1990 मध्ये तिचेच नामांतर होऊन आजची ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाली, आणि एवढ्या काळात ही रीत कायम राहिली. परिणामी निलंबन म्हणजे गुन्ह्याच्या जागी नसलेली, पण कित्येकदा गुन्ह्याहून मोठी ठरणारी शिक्षा. 1951 साली एसेंडनचा गोलवीर जॉन कोलमन कार्ल्टनच्या हॅरी कॅस्परने मारल्यावर उलटून त्याच्यावर धावला. ट्रायब्युनलने दोघांनाही सारखेच, चार सामने बाहेर बसवले. कोलमनवाचून एसेंडनने अंतिम सामना जिलाँगकडून 11 गुणांनी गमावला. आधी कोणी मारले याचा विचार त्या निकालात फारसा दिसत नाही, आणि ती तक्रार एसेंडनचे जुने समर्थक विसरलेले नाहीत.

त्या काळात मोजला जाई तो हेतू, आणि हेतू ओळखण्याची कसोटी अशी होती, की चेंडू जवळ होता की नव्हता. 1985 मध्ये हॉथॉर्नचा कर्णधार लेह मॅथ्यूज याने चेंडूपासून दूर असलेल्या जिलाँगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला, तेव्हा अंपायरने काहीच पाहिले नव्हते. तरीही लीगने त्याची नोंदणी चार आठवडे रद्द केली आणि पोलिसांनी मारहाणीचा खटला भरला. लीगच्या इतिहासात मैदानावरील कृत्याबद्दल खेळाडूवर फौजदारी आरोप येण्याची ती पहिली वेळ होती. याउलट 1975 साली फुट्सक्रेचा नील सॅक्स लीगमधील आपल्या दुसऱ्याच सामन्यात एका धडकेत मानेला दुखापत होऊन आयुष्यभरासाठी पंगू झाला; ती धडक चेंडूसाठीच्या झटापटीतली, तिच्यात कोणाचा दोष नव्हता. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की त्या पिढीचा न्याय समजतो. दुखापत कितीही भीषण असो, चेंडू जवळ असेल तर अपघात; चेंडू दूर असेल तर गुन्हा. सीमारेषेजवळचा धक्का या विभागणीत बहुतेक वेळा अपघाताच्या खात्यात जमा होई, कारण चेंडू तर तिथेच दोन पावलांवर असायचा.

2005 मध्ये लीगने मॅच रिव्ह्यू पॅनल नेमले आणि शिक्षेसाठी गुणांचा तक्ता आणला. हेतू, आघाताची तीव्रता, स्पर्श डोक्याला की अंगाला, आणि कृत्य खेळाच्या ओघातले की ओघाबाहेरचे, अशा चार रकान्यांत प्रत्येक प्रसंग बसवायचा. त्याच वर्षी सिडनीच्या बॅरी हॉलने उपांत्य सामन्यात सेंट किल्डाच्या मॅट मॅग्वायरच्या पोटात ठोसा मारला. ट्रायब्युनलने तो प्रसंग खेळाच्या ओघातला ठरवला, गुण एका सामन्याच्या निलंबनाला लागणाऱ्या शंभराखाली आले, हॉल केवळ समज मिळून सुटला, आणि त्याच्या संघाने अंतिम सामना 4 गुणांनी जिंकला. एका रकान्यातल्या खुणेवर अंतिम सामन्यातली जागा ठरावी, हे अनेकांना रुचले नाही. मात्र तक्त्याने एक काम चोख केले. आतापर्यंत ट्रायब्युनलच्या मनात दडलेला तराजू त्याने उघड्यावर मांडला, आणि त्यामुळे त्यातले वजन बदलणेही सोपे झाले.

ते वजन बदलले डोक्याच्या बाजूने. 2006 साली वेस्टर्न बुलडॉग्जच्या डॅनियल जियानसिराकुसाच्या खांद्याच्या धडकेने सेंट किल्डाच्या जस्टिन कोशित्झ्कीच्या कवटीला तडा गेला, तरी तेव्हाच्या नियमांनुसार शिक्षा काहीच झाली नाही. पुढच्याच मोसमापासून भूमिका अशी झाली, की धडक देण्याचा पर्याय निवडला आणि डोक्याला जोराचा मार लागला, तर जबाबदारी धडक देणाऱ्याची. 2014 मध्ये फ्रिमँटलचा नॅट फाइफ याच न्यायाने दोन सामने बाहेर बसला, कारण धक्का देताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. सर्वोत्तम आणि सर्वांत निर्दोष खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक निलंबित खेळाडूला मिळू शकत नाही, त्यामुळे त्या शर्यतीतूनही तो बाद झाला. हे फारच झाले अशी ओरड होऊन, अनपेक्षितपणे डोकी आपटण्याला पुढे सवलत मिळाली. नियम एकदा पुढे जातो आणि मग अर्धे पाऊल मागे येतो, ही या खेळाची चालच आहे.

दरम्यान प्रयोगशाळेतून आलेल्या बातम्यांनी सगळ्यांचा सूर बदलला. 2019 मध्ये निधन पावलेला महान खेळाडू पॉली फार्मर याच्या मेंदूत वारंवार बसणाऱ्या आघातांमुळे होणारा ऱ्हास आढळला. डॅनी फ्रॉली आणि शेन टक या माजी खेळाडूंच्या बाबतीतही तेच निष्पन्न झाले. 2021 पासून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला किमान 12 दिवस खेळता येत नाही. त्याच वर्षी कार्ल्टनच्या लॅकी प्लाउमनला झेल घेण्याच्या प्रयत्नातल्या टकरीबद्दल दोन सामन्यांची शिक्षा कायम राहिली, तर चेंडूकडेच धावलेल्या अॅडलेडच्या डेव्हिड मकाय याला हंटर क्लार्कचा जबडा मोडूनही ट्रायब्युनलने निर्दोष सोडले. 2023 च्या सप्टेंबरात कॉलिंगवूडचा ब्रेडन मेनार्ड चेंडू अडवायला हवेत झेपावला आणि मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉवर जाऊन आदळला. मेनार्ड सुटला, ब्रेशॉला मात्र काही महिन्यांत वैद्यकीय सल्ल्याने खेळ सोडावा लागला, आणि अशा झेपेची जबाबदारी झेपावणाऱ्यावर टाकणारा बदल पुढच्या मोसमाआधी करण्यात आला.

या सगळ्या इतिहासातून आजची कसोटी तयार झाली आहे, आणि ती सीमारेषेपाशी आणली की तिची उणीव दिसते. सध्याच्या तक्त्यात कृत्य निष्काळजीपणाचे आणि स्पर्श अंगाला झालेला असेल, तर आघात मध्यम असला तरी दंडावर भागते. तोच आघात डोक्याला झाला तर एक सामना जातो. आता कुंपणाजवळचा धक्का पाहा. हात लागतो तो कुशीला, म्हणजे तक्त्याच्या भाषेत अंगाला. पुढची दोन पावले तोल सावरण्यात जातात, आणि फलकावर खांदा आपटतो की कपाळ, हे ढकलणाऱ्याच्या नव्हे तर नशिबाच्या हाती असते. खांदा आपटला तर दंड, कपाळ आपटले तर निलंबन. एकाच कृत्याला दोन शिक्षा, आणि फरक फक्त पडणाऱ्याच्या दैवाचा. धोकादायक टॅकलच्या बाबतीत लीगने ही विसंगती ओळखलेली आहे. हात जखडून प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर भिरकावले, तर झालेल्या इजेबरोबरच होऊ शकणाऱ्या इजेचाही विचार केला जातो. 2011 साली मेलबर्नचा जॅक ट्रेंगोव्ह पॅट्रिक डेंजरफील्डवरच्या टॅकलसाठी तीन सामने बाहेर बसला, तेव्हा त्या शिक्षेवर केवढी टीका झाली होती; आज तशा शिक्षेचे कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की चेंडू जिवंत असताना, तो पाच मीटरच्या आत असताना आणि ढकलणारा स्वतःही त्यासाठी झगडत असताना रेषेपाशी झालेल्या धक्क्याला निलंबन नको. पाठीवर हात पडला असेल तर फ्री किक पुरे. पण चेंडू निर्विवादपणे बाहेर गेल्यावर, किंवा ढकलणाऱ्याला थांबता येत असताना दिलेला रेटा हा वेगळा प्रकार आहे, कारण त्यातून संघाला काहीच मिळत नाही. खेळ तर बाउंड्री अंपायरने पाठमोरा होऊन डोक्यावरून आत फेकलेल्या चेंडूने किंवा फ्री किकने पुन्हा सुरू होणारच असतो. अशा ठिकाणी इजा झाली नाही म्हणून दंडावर सोडणे म्हणजे 23 सामन्यांच्या मोसमातील एका सामन्याची किंमत माणसाच्या मानेपेक्षा अधिक मानणे होय. यावर खेळातल्या जुन्या मंडळींचा आक्षेप आहे, की शिटी वाजण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात चेंडू बाहेर गेला की नाही हे दमलेल्या खेळाडूने कसे ठरवायचे. आक्षेप खोटा नाही. म्हणूनच मुद्दा चेंडूच्या जागेपेक्षा हातांचा ठरतो. धावण्याच्या ओघात खांदा लागला, की कुंपण समोर दिसत असताना दोन्ही हात लांब करून माणूस लोटला? हे चित्रफितीत बहुतेक वेळा स्पष्ट दिसते, आणि पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ते नोंदवायला आजच्या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही.