संकल्प गटावर टाकला म्हणून चॅलेंज होत नाही

डिसेंबर संपत आला की गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर एकाच धाटणीचा निरोप फिरतो. ‘नव्या वर्षात रोज चालायचं, कोण कोण तयार?’ खाली पंधरा-वीस अंगठे येतात, कोणीतरी गटाला ‘फिटनेस चॅलेंज’ असं नाव देतं, पहिले काही दिवस मांडवीकाठचे फोटो येतात आणि जानेवारी सरता सरता तिथे पुन्हा ‘शुभ सकाळ’ची गुलाबाची फुलं यायला लागतात. मग सगळ्यांचं एकमत होतं की आपल्या लोकांना चॅलेंज जमत नाही. मला हे पटत नाही. तिथे चॅलेंज कधी सुरूच झालं नव्हतं. वीस जणांनी एकाच वेळी आपापला संकल्प केला होता, एवढंच.

या दोन गोष्टींची गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हींत काहीतरी साधायचं असतं, दोन्हींत सुरुवातीचा दिवस ठरलेला असतो, दोन्हींत पहिल्या आठवड्याचा हुरूप सारखाच. पण संकल्प फक्त एवढं सांगतो की मला काय हवं आहे. चॅलेंजला चार गोष्टी सांगाव्या लागतात: रोज नेमकं किती करायचं, कुठल्या तारखेला थांबायचं, केल्याचं कोणाला आणि कधी कळवायचं, आणि एखादा दिवस चुकला तर पुढे काय. ही चार उत्तरं पहिल्या दिवसाच्या आधी सगळ्यांना माहीत नसतील, तर गटात पाच माणसं असोत की पाचशे, तो संकल्पच.

संकल्पाला नावं ठेवायची हल्ली रीत झाली आहे, तीही मला मान्य नाही. जॉन नॉरक्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नववर्षाचा संकल्प केलेली माणसं एका बाजूला आणि तसाच बदल हवा असलेली, पण संकल्प न केलेली माणसं दुसऱ्या बाजूला. दोघांनाही सहा महिने अधूनमधून फोन करून विचारत राहिले. सहा महिन्यांनंतर संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोक आपण टिकून असल्याचं सांगत होते; दुसऱ्या बाजूला हे प्रमाण ४ टक्के होतं. आकडे लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावरचे आहेत हे धरूनही फरक मोठा आहे. नुसतं ‘बघू या कधीतरी’ म्हणण्यापेक्षा संकल्प केव्हाही बरा. सुरुवात करून देण्याचं काम तो चांगलं करतो.

एकट्याचा संकल्पही पक्का करता येतो, त्याला गट लागतोच असं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला ती गोष्ट अगदी साधी आहे: ध्येयाच्या जागी ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं वाक्य ठेवायचं. ‘व्यायाम करीन’ असं म्हणण्याऐवजी ‘संध्याकाळी फोंड्याच्या स्टँडवर कदंबच्या बसमधून उतरलो की घरी न जाता आधी अर्धा तास चालीन’. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या एका वाक्याचा परिणाम मध्यम ते मोठा दिसला. ज्यांना चारचौघांत आपलं काही सांगायला आवडत नाही त्यांनी एवढंच करावं. चॅलेंजच्या वाटेला गेलं नाही तरी चालेल.

आता याच गोल्विट्झर यांचं दुसरं काम बघा, कारण गल्लत नेमकी कुठे होते ते तिथे कळतं. २००९ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की, ‘मी अमुक होणार’ हा इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला, त्याची दखल घेतली, की माणूस त्यासाठी प्रत्यक्षात कमी झटतो. दखल मिळाली की अर्धं समाधान तिथेच पदरात पडतं. म्हणजे स्टेटसवर ‘यंदा मी मॅरेथॉन धावणार’ असं लिहून पन्नास शाबासक्या मिळवणं हे चॅलेंजच्या जवळ जाणं नव्हे, उलट त्याच्यापासून दूर जाणं आहे. चॅलेंजमध्ये गटाला इरादा सांगायचा नसतो, झालेलं काम सांगायचं असतं. उद्याचं बोलायचं नाही, आजचं बोलायचं.

ही गोष्ट आपल्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कितीतरी गावांत जत्रेला किंवा पालखीला गावकरी मराठी नाटक करतात. दिवसा बसमध्ये तिकिटं फाडणारा, बँकेत कॅशवर बसणारा, वायरिंगची कामं करणारा माणूस रात्री जेवण उरकून तालमीला येतो आणि ऐतिहासिक नाटकातली पानंच्या पानं पाठ करतो. तोच माणूस ‘वाचन वाढवलं पाहिजे’ असं वर्षानुवर्षं म्हणत आलेला असतो आणि वर्षभरात एक पुस्तक पुरं करत नाही. माणूस तोच, डोकं तेच. मग तालमीत असं काय आहे? जत्रेची तिथी कोणाच्या सोयीने पुढे जात नाही. त्याच्या वाट्याचे प्रवेश ठरलेले आहेत, जास्त नाहीत, कमी नाहीत. तो आला नाही की त्याच्या जागी कोणीतरी वही घेऊन उभा राहतो आणि समोरच्या नटाची लय बिघडते, म्हणजे त्याची गैरहजेरी लपत नाही. आणि एका रात्री तो आला नाही म्हणून कोणी नाटक रद्द करत नाही. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक ‘काल कुठे होतास रे?’ एवढं विचारतो आणि दुसरा अंक सुरू होतो. मघाशी सांगितलेल्या चारही गोष्टी इथे आहेत, आणि इच्छाशक्ती हा शब्द सबंध महिन्यात कोणाच्या तोंडून निघत नाही. मला वाटतं गोव्याच्या खेड्यांतली ही तालीम म्हणजे गटाने काही साधण्याचा आपल्याकडचा सगळ्यात मुरलेला नमुना आहे आणि तिच्याकडे आपण त्या नजरेने कधी पाहिलं नाही.

जगभर गाजलेलं एक उदाहरणही असंच उभं राहिलं. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी, एकूण २१ जणांनी, एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचं ठरवलं. रोजचे साधारण १,६६७ शब्द. त्यातून नॅनोरायमो हा उपक्रम वाढला आणि पुढे दर नोव्हेंबरमध्ये लाखो लोक त्यात लिहू लागले. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं, पण ‘कादंबरी लिहायची आहे’ यापेक्षा ‘आज १,६६७ शब्द’ हे वेगळं वाक्य आहे, हे तेवढ्यात लाखोंना कळून चुकलं होतं.

गोव्यापुरता हा विषय हौसेचा नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. मधुमेहाचं देशातलं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यातलं २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त. चार प्रौढांमागे एकाहून थोडे अधिकच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. एवढं ठाऊक नसलेला माणूस मला तरी गोव्यात भेटलेला नाही. अडतं ते करण्यापाशी.

आमच्या फोंडा भागातला एक चालण्याचा गट मी जवळून बघतो, म्हणून त्याचे नियम सांगतो. चाळीस दिवस. रोज सलग तीस मिनिटं, वेग कितीही. रात्री नऊच्या आत गटावर एक आकडा टाकायचा, किती मिनिटं चाललो तो. फोटो नाही, सुविचार नाही, ‘वा वा’ नाही. आठवड्यातून एक सुट्टी न विचारता घ्यायची. प्रत्येकाला एक जोडीदार, आणि दोन रात्री लागोपाठ आकडा दिसला नाही तर जोडीदाराने फोन करायचा. पाऊस लागला की देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, चालायचं आणि गटावर येतं: ‘३१. अग्रशाळेच्या पडवीत फेऱ्या.’ एवढंच, पुढे काही नाही. साठी ओलांडलेल्या एका काकींचा आकडा दोन दिवस आला नाही तेव्हा त्यांच्या जोडीदार मुलीने फोन केला, ‘काकी, बऱ्या आहात ना?’ नातीला ताप होता. ‘उद्या येते गो’, काकी म्हणाल्या, आणि खरंच तिसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना आकडा आला: ३०. त्या फोनात रागावणं नव्हतं, हिशेब मागणं नव्हतं. मी म्हणेन, सगळ्या नियमांत हा फोन सर्वांत मोलाचा आहे.

चुकलेल्या दिवसाबद्दलचा नियम आधीच ठरवण्यामागे कारण आहे. संकल्प बहुतेक वेळा पहिल्या चुकीला मोडतो, कारण चुकीसाठी त्यात जागाच ठेवलेली नसते. सवय अंगवळणी कशी पडते यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय आपोआप होण्याला लागणारा काळ साधारणपणे ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक आणि कामागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. (२१ दिवसांत सवय लागते ही समजूत इथेच संपली पाहिजे, पण ती काही संपत नाही.) आणि मधला एखादा दिवस चुकल्याने काही विशेष बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. म्हणून ‘एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्या दिवसापासून’ असा नियम असलेली इन्स्टाग्रामवरची चॅलेंजेस मला घरातल्या, नोकरीतल्या माणसांसाठी योग्य वाटत नाहीत. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे त्याने काय करायचं?

दंडाचंही तसंच. पुष्कळ गट चुकलेल्या दिवसाला पन्नास रुपये लावतात आणि शेवटी त्या पैशांत पार्टी करतात. इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी दहा पाळणाघरांवर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर वाढला. पालकांना वाटलं, पैसे भरले म्हणजे प्रश्न मिटला. दंड काढून टाकल्यावरही उशीर कमी झाला नाही. पन्नास रुपये भरून आजची सुट्टी विकत घेता येते, हे एकदा गटात रुजलं की जोडीदाराच्या फोनला अर्थ उरत नाही.

पावलांची रोजची क्रमवारी लावणारे गटही आहेत. ती शर्यत झाली, चॅलेंज नव्हे. शर्यतीत वरचे तिघे आणखी धावतात आणि ज्यांना चालण्याची खरी गरज आहे ते तळाचे सहा जण आठवड्यात गप्प होतात. सगळ्यांना एकच किमान मर्यादा असावी, आणि ती गाठली की पहिला आणि शेवटचा सारखेच.

गटाने फरक पडतो याला पुरावा आहे का? आहे, मात्र तो जपून वाचावा. रेना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी १९९९ साली वजन कमी करण्याच्या एका उपचारक्रमाचे निकाल छापले. एकटे आलेल्या आणि नेहमीचाच उपचार मिळालेल्यांपैकी ७६ टक्के लोकांनी क्रम पुरा केला आणि २४ टक्क्यांनी घटवलेलं वजन नंतर पूर्ण टिकवलं. तीन मित्रांसोबत आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याचं शिक्षणही मिळालेल्यांत हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते. आता, तीन मित्रांना घेऊन येऊ शकणारा माणूस मुळातच वेगळा असू शकतो, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही एकटं येणं आणि ठरलेल्या रीतीची सोबत असणं, यांतला भेद हा अभ्यास दाखवतो.

काही बाबतींत संकल्प आणि चॅलेंज दोन्ही बाजूला ठेवावीत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मित्रांच्या नादाने ‘तीस दिवस बंद’ म्हणून एकदम सोडू नये. झटके येण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं, त्याने आधी डॉक्टर गाठावा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी उपासाच्या चॅलेंजमध्ये तर विचारल्याशिवाय मुळीच पडू नये. चालणं वाढवतानाही डॉक्टरांच्या कानावर घालावं आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

राहता राहिली तारीख. संकल्पाला १ जानेवारी चालते, कारण त्याला पुढचं कॅलेंडर बघायचं नसतं. चॅलेंजला बघावं लागतं, आणि गोव्यात तर नीटच. चवथीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, समोर नेवऱ्या आणि मोदक. तो काळ मधे येईल असे चाळीस दिवस कोणी धरू नयेत. जानेवारीत जत्रांची जागरणं असतात. मला सगळ्यांत सोयीचा वाटतो तो अनंत चतुर्दशीनंतरचा काळ. तिथपासून नरकचतुर्दशीपर्यंत साधारण दीड महिना मिळतो, पाऊस ओसरत असतो, आणि चाळीस दिवस पुरे करून वर चार दिवस हाताशी राहतात, ते पोरांना नरकासुराचे पुतळे बांधायला लागतातच. शेवटच्या रात्री गटाने एकत्र बसून एकच गोष्ट ठरवावी: हा गट बंद करायचा, की आठवड्यातून तीन दिवसांवर आणून पुढची तारीख धरायची. न ठरवता तो तसाच चालू ठेवला तर दिवाळीच्या शुभेच्छांपासून पुन्हा गुलाबाची फुलं सुरू होतात.