काळ्या लांडग्याला रंग दिला कुत्र्याने

मागच्या आठवड्यात ग्रुपवर एक फोटो आला. बर्फात उभा असलेला काळाकुट्ट लांडगा आणि खाली ओळ : 'आपल्या माळावर दिसला, अपशकुन आहे, पुढे पाठवा.' आपल्या माळावर बर्फ कधी पडला, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपल्याकडचा लांडगा राखट-तपकिरी असतो. वाळल्या कुसळीत बसला, तर समोर असूनही दिसत नाही. काळे लांडगे मुख्यतः उत्तर अमेरिकेत आढळतात. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर जवळजवळ निम्मे काळेच आहेत.

हा काळा रंग येतो कुठून? गल्लीतल्या एखाद्या करड्या कुत्र्याच्या पाठीचा केस उजेडात धरून बघा. टोक काळं, त्याखाली पिवळसर पट्टा. केस मुळाकडून वाढतो, म्हणजे टोक आधी तयार झालं. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर एमसी1आर नावाचा ग्राहक, म्हणजे बाहेरचे रासायनिक निरोप झेलणारं प्रथिन, असतो. ग्राहक चालू असला की काळं रंगद्रव्य बनतं. अगूटी नावाचं प्रथिन त्यावर येऊन बसलं की तो बंद होतो आणि पिवळसर रंगद्रव्य बनू लागतं. केस वाढत असताना अगूटी मध्येच येतं, काही काळाने निघून जातं. तेवढाच तो पट्टा.

आता तिसरा गडी. बीटा-डिफेन्सिन ही मुळात जंतूंशी लढणारी प्रथिनं. त्यांपैकी एकाच्या जनुकातली डीएनएची तीन अक्षरं गळाली, म्हणजे प्रथिनातलं एक अमिनो आम्ल कमी झालं. हे बदललेलं प्रथिन एमसी1आरवर असं ठाण मांडतं की अगूटीला जागाच मिळत नाही. पट्टा नाही, केस मुळापासून टोकापर्यंत काळा. आई-बापापैकी एकाकडून जनुकाची अशी बदललेली प्रत मिळाली तरी पुरतं.

2009 मध्ये शास्त्रज्ञांनी या बदललेल्या जनुकाचा माग काढला, तर ते अमेरिकी लांडग्यांत पाळीव कुत्र्यांकडून आलेलं निघालं. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घालणाऱ्यांनी खुशाल घालावी, कुत्र्याचं पोट भरतं. पण त्या रंगात शनी नाही, तीन अक्षरांची गळती आहे.

मग हा रंग टिकला कसा? 2022 च्या एका अभ्यासात काळ्या लांडग्यांच्या रक्तात डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची प्रतिपिंडं, म्हणजे त्या रोगाशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, जास्त वेळा सापडली. म्हणजे रोग होऊनही ते वाचले होते. जिथे या रोगाच्या साथी वारंवार येतात तिथे काळ्यांचं प्रमाण जास्त. गंमत म्हणजे काळ्या जनुकाच्या दोन प्रती मिळालेली पिल्लं फारशी जगत नाहीत. काळा आणि राखी अशा जोडीला दोन प्रतींचं पिल्लू होऊच शकत नाही, आणि साथीच्या प्रदेशांत लांडगे जोडीदारही विरुद्ध रंगाचा निवडतात असं दिसलं.

लांडगा-कुत्र्याचा संकर आपल्याकडेही होतो. पुण्याच्या आसपासच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले होते. जनुकीय तपासणीत त्यांच्यात कुत्र्याचा अंश निघाला. पण तो रंग काळा नव्हता, पिवळट होता. त्यात फायद्याचं काही आहे असं कुणी दाखवलेलं नाही. गावाच्या उकिरड्यावर पोसलेले मोकाट कुत्रे माळावर जातात, तेव्हा जनुकांबरोबर डिस्टेंपरही घेऊन जातात.