रोजगार हमीची पार्श्वभूमी: काम मजुराचं, पण बांध कुणाचा?

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात हल्ली ‘शाश्वत’ आणि ‘सर्वसमावेशक’ हे दोन शब्द जोडीनंच येतात, जसं काही एक आलं की दुसरं आपोआप येतं. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा इतिहास बघितला तर तसं अजिबात नाही, उलट निम्मी भांडणं याच दोघांमधली आहेत.

७२चा दुष्काळ सगळ्यांना माहीत आहे, तो परत सांगत नाही. त्याआधी १९६५ला सांगलीच्या तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम द्यायचा प्रयोग झाला होता, आणि दुष्काळात कामावरच्या मजुरांचा आकडा ५० लाखांच्या आसपास गेल्यावर कायदा करायला पर्यायच उरला नाही. १९७५ला नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, तेवढीच रक्कम सरकारनं स्वतःची घालायची असं ठरलं. कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. म्हणजे शहरातल्या पगारातून कापलेला पैसा गावच्या मजुराला, एवढा सरळ हिशोब होता. कामं काय, तर खडी, रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती. बायका मोठ्या संख्येनं कामावर होत्या, कारण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लागायला जमीन लागत नव्हती, अंग मोडून काम करायची तयारी लागत होती.

१९८८ला किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि हमीची मजुरी त्याला बांधलेली असल्यामुळं पुढच्या काळात कामावरची हजेरी घसरली. हक्क कागदावर तोच राहिला, पण कामंच कमी निघायला लागली. यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे.

मला जो निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९९०चा, फळबाग रोजगार हमीला जोडायचा. तोपर्यंत काम म्हणजे सार्वजनिक काम, आता खाजगी शेतात खड्डे काढायची, कलमं लावायची मजुरीही हमीतून द्यायची ठरली. बाजूनं बोलणारे म्हणत होते की पाझर तलावाला एकदा बांधून झालं की वाली नसतो, गाळ भरतो, पिचिंग (बांधाचं दगडी अस्तर) ढासळतं, झाडाला मात्र मालक असतो, तो राखतो. हे खोटं नाहीच. कोकणातला काजू-आंबा, जालन्याची मोसंबी, सोलापूरचं डाळिंब यांची वाढ या योजनेशिवाय सांगताच येत नाही. शाश्वत म्हणाल तर शंभर टक्के. पण विरोधातला मुद्दा मला आजही जास्त वजनाचा वाटतो: ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्याच्या नावानं गोळा झालेला पैसा ज्याच्याकडं जमीन आणि वर पाणीही आहे त्याच्या बांधात गेला. मजुराला काही दिवसांची मजुरी मिळाली, बाग वर्षानुवर्षं दुसऱ्याची. आणि कित्येक ठिकाणी शेतकरी स्वतःच्याच शेतात स्वतःच मजूर, मग मस्टरवर नावं घरचीच, भूमिहीन त्यात कुठं बसतो? कोरडवाहूवाल्याचीही गंमतच, झाडं फुकट मिळाली पण उन्हाळ्यात ती जगवायला पाणी कुठलं.

केंद्राचा रोजगार हमी कायदा (पुढं मनरेगा) २००५ला आला, २००६च्या फेब्रुवारीत २०० जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात वैयक्तिक जमिनीवरची कामं आधी मुख्यतः अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती होती, अल्पभूधारक २००९ला आत आले. म्हणजे आपण जे १९९०ला उघडलं ते दिल्लीत नंतर आणि जपून उघडलं. शिवाय ठेकेदार नको, मजुराचं काम हिरावणारी मशीन शक्यतो नको आणि खर्चात अकुशल-कुशलचं (एकीकडं अंगमेहनतीची मजुरी, दुसरीकडं सामान आणि कारागीर) प्रमाण ६०:४० ठेवायचं. या ६०:४०वर गावात आजही वाद होतात. कित्येकांना वाटतं प्रत्येक कामात ते बसायला पाहिजे, तसं नाही, ते एकूण कामांच्या खर्चावर बघतात. म्हणून सिमेंटचा रस्ता, गोठा असली कामं घेतली की कुशलचा खर्च चढतो आणि तो भरून काढायला कुठंतरी वृक्षलागवड, मातीकाम काढावं लागतं. म्हणजे मातीकाम गरज म्हणून कमी, प्रमाण जुळवायला जास्त.

त्यात २०१४च्या शेवटी जलयुक्त शिवार हे राज्याचं पाणी अडवायचं अभियान आलं. नाल्याचं खोलीकरण-रुंदीकरण पोकलेन, जेसीबी लावून दिवसात उरकायचं. पाणी दिसलं, फोटो आले. माथ्यावर सलग समतल चर (उतारावर आडवे, एका पातळीत जाणारे चर) खोदायचं काम, जे शेकडो हातांना पुरलं असतं, ते मागं पडलं, आणि माथा सोडून पायथा खोदला की गाळ परत नाल्यातच येतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता जोर सिंचन विहिरींवर आहे, २०२२ला विहिरीची रक्कम ४ लाखांपर्यंत वाढली. ग्रामसभेत विहीर, गोठा, शेततळं यांची यादी लांबलचक असते. गायरानावर चर मारायचा प्रस्ताव आला तरी त्याच्या मागं कुणी लागत नाही, कारण अर्ज घेऊन येणारा आता लाभार्थी असतो, ज्याला नुसतं काम पाहिजे तो ऊसतोडीला गेलेला असतो.